पापडच्या ताटातला हात

जर्मनची ताटली ओटीच्या फरशीवर खरखरत सरकली आणि दुपारची शांतता मोडली.

अक्षदाला नुकतंच थोपटून झोपवलं होतं. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, बाबा, म्हणजे माझे सासरे, खाचराचा बांध बघायला गेले होते. मी दारातून डोकावले. पापड नाकाने ताटली ढकलत उंबऱ्यापर्यंत आला होता. ताटलीत सकाळचा डाळभात तसाच होता, वरून सुकून पापुद्रा धरलेला. एक शीत हललं नव्हतं. तेवढ्यात तांबडी कोंबडी आली, मान वाकडी करून एक दाणा टिपायला गेली, तसा हा तिच्या अंगावर धावला. कोंबडी पंख झाडत खळ्यात पळाली. हा परत येऊन बसला, पुढचे दोन पाय ताटलीच्या दोन बाजूंना, आणि तोंड मात्र तिसरीकडेच.

म्हणजे स्वतः खाणार नाय, आणि दुसऱ्याला खाऊ देणार नाय.

मी उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. तपकिरी अंग, त्यावर भाजल्यासारखे काळे ठिपके. चार महिन्यांचं पिल्लू, पण कपाळाला अशी आठी की वाटावं, ह्याच्याच डोक्यावर घर चाललंय.

पापड माझ्या माहेरचा. टोकावड्याला माळशेजच्या रस्त्याकडेला माझ्या भावाचा, दीपेशचा, लहानसा ढाबा आहे. तिथे एक कुत्री व्याली तेव्हा दीपेशने पिल्लांना ढाब्यावरचीच नावं ठेवली. शेव, लस्सी आणि पापड. रस्ता म्हणजे घाटात जाणारा, शनिवार-रविवारी गाड्यांना दम नाही. शेव आणि लस्सी एकाच आठवड्यात चाकाखाली गेली. मी माहेरपणाला गेले होते. तिसरं पिल्लू खुर्च्यांखाली कोंबडीचं हाड धरून बसलं होतं आणि कुणी जवळ आलं की सगळं अंग थरथरवत गुरगुरत होतं. त्याला ओढणीत गुंडाळलं आणि शेणव्याला घेऊन आले. आमचा आधीचा कुत्रा बिबट्याने नेला होता, घर गावाच्या कडेला, त्यामुळे बाबा काही बोलले नाहीत. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, माहेरून सून काय आणते, तर कुत्रं.

आला तो ढाब्याची जीभ घेऊन आला. तंदुरीचा वास नसेल तर त्याला अन्न म्हणजे अन्नच वाटेना. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं. शेजारच्या गुणाबाई त्याला जावईबापू म्हणायच्या. तोही रुसलेल्या जावयासारखाच पानावरून उठायचा.

मग गटारी आली. श्रावण लागला की आमच्याकडे गणपती जाईपर्यंत वशाट, म्हणजे मटण-मासळी, बंद, त्यामुळे त्या दिवशी कुणीच हात राखत नाही. पापडलाही कोंबडीचे दोन तुकडे मिळाले. तो गोठ्याच्या कडेला खात होता आणि अक्षदा नेहमीसारखी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला वाकली. मी भांडी घासत होते. गुरगुर ऐकली, मान वळवली, तोवर झालं होतं. तिच्या मनगटावर रक्ताचे दोन ठिपके. साडेचार वर्षांची पोर माझी, ती रडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. रडली ती शहापूरच्या दवाखान्यात, सुई बघून.

संध्याकाळी बाबा ओटीवर बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात साईनाथला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं, पण ते मला होतं.

"पोर आधी, मग कुत्रं."

मलाही तेच म्हणायचं होतं. पुढे ते म्हणाले, गणपतीला जागृती येईल. जागृती म्हणजे माझी नणंद. तिची पोर येईल, घर भरेल. तोवर ह्याचा दात आटोक्यात आला तर राहू दे. नाहीतर दीपेशला सांगायचं, गोणी घेऊन ये आणि घेऊन जा तुझा पापड.

दीपेशकडे म्हणजे त्या रस्त्यावर. हे बाबांनाही ठाऊक होतं, म्हणून ते तेवढं बोलून उठून गेले.

मी म्हटलं, "मी करते, बाबा."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी स्वताच्या पोरीला जेवाय घाल. मग कुत्र्याला वळण लाव."

ते लागलं, कारण खरं होतं. अक्षदा मोबाइलवर गाणी लागल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. एक घास भरवायला मला तिच्यामागे खळ्यापर्यंत जावं लागायचं. घरात दोन लहान जीव आणि दोघांच्याही ताटलीतलं अन्न सुकत पडलेलं.

पहिलं काम एकच केलं. पापड जेवत असेल तेव्हा अक्षदा एकतर माझ्या मांडीवर, नाहीतर दाराच्या आत कडी लावून. यात एक दिवसही सूट नाही. मग साईनाथच्या गाडीवर मागे बसून, पापडला पिशवीत घालून, गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात बघितले, पोट चाचपलं, जंताचं औषध दिलं. म्हणाले, आजारी नाही, लाडावलाय. भूक लागली की खाईल.

पण त्याला भूक का लागत नाही, हेच मला कळत नव्हतं. अंगाने तर तो भरत चालला होता.

एका सकाळी मी हातातलं काम टाकून नुसती त्याच्या मागे फिरले. आधी तो गेला तुळशीमागे. तिथे सासूबाई दुधात कुस्करलेली भाकर बोटांनी त्याला भरवत होत्या, खा रे माझ्या राजा. तिथून कुंपणाच्या भोकातून गुणाबाईंकडे. गुणाबाई चहात बुडवलेला टोस्ट घेऊन वाटच बघत होत्या. संध्याकाळी साईनाथ भिवंडीच्या गोदामातून आला, गाडी लावली आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. मला बघून त्याने तो परत खिशात घातला, तेव्हा पापडने माझ्याकडे असं बघितलं की चोर मीच.

आता सुनेने घरातल्या मोठ्यांना नियम कसा घालायचा? रात्री साईनाथला म्हटलं, तुमी बोला. तो म्हणाला, मी बिस्किट बंद करतो, बाकीचं तुझं तू बघ. म्हणजे सोपं काम त्याने उचललं.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंजवळ भाजी चिरायला बसले आणि विषय काढला. त्या लगेच फिरल्या. श्रावणात दारचा जीव उपाशी ठेवायचा? सोमवारचा उपास मी धरते, तो पुण्यासाठी. कुत्र्याला उपास घडवून कसलं पुण्य?

"आई, तो उपाशी नाय," मी म्हटलं. "तो आपल्या दोघींपेक्षा जास्त वेळा जेवतो."

त्या हसल्या नाहीत, पण विळीवरचा हात थांबला.

"तुमी भाकर द्याच. फक्त ताटलीत द्या, हातानं नको. आणि मी ताटली ठेवीन तेव्हाच. पुण्य ताटलीत पडलं तरी पुण्यच ना?"

मग म्हणाल्या, "वकिलाच्या घरची सून व्हाया पायजे होती तू." आणि भेंडी माझ्याकडे सरकवली. त्या दिवसापासून त्यांची भाकर ताटलीत पडू लागली. गुणाबाईंनाही सांगितलं. त्यांनी आळीभर केलं, शेणव्याला कुत्र्याची शाळा निघाली, फी विचारून या. पण कुंपणाचं भोक त्यांनीच काट्या लावून बुजवलं.

राहिले बाबा.

बाबांची पद्धत वेगळी होती. ते पापडला काही चारत नव्हते. तो जरा कुठे ताटलीत तोंड घाली की बाबा येत, सरळ त्याच्या तोंडापुढे हात घालून भात ढवळत, कधी ताटलीच उचलून घेत आणि नाकावर टिचकी मारून विचारत, मालक कोण रे? त्यांनी आयुष्यभर बैल ठेवले. लहान खोंडाच्या गव्हाणीत रोज हात घालायचा, वैरण काढायची, परत टाकायची, म्हणजे मोठा झाल्यावर तो शिंग उगारत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे बैल खरंच गरीब होते. पण गव्हाणीत बैलाला भावंडांशी झगडून खावं लागत नाही. पापडने पहिला घास हिसकावून मिळवला होता. हात आला की अन्न जातं, एवढंच त्याला माहीत होतं, आणि बाबा तेच रोज पक्कं करत होते. मला हे दिसत होतं, पण त्यांना कसं सांगू? मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पाणी आणू का म्हणून विचारून मिटलं.

सांगितलं ते अक्षदाने.

बाबा जेवायला बसले होते. तांदळाची भाकर, वालाचं बिरडं. पहिला घास मोडला असेल नसेल, अक्षदा समोर जाऊन उकिडवी बसली, हात घातला त्यांच्या ताटात, बिरडं ढवळलं आणि भाकर उचलून पाठीमागे धरली.

"ए," बाबा ओरडले.

तिने त्यांच्या नाकावर टिचकी मारली. "मालक कोण रे?"

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता काय होतंय. बाबांचा हात भाकरीसाठी पुढे आलेला, तसाच अधांतरी राहिला. चेहरा लाल. खाली ताटात पोरीच्या बोटांच्या रेघा. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "दे गो भाकर. गार होते."

त्या दिवसानंतर त्यांनी पापडच्या ताटलीत हात घातला नाही.

मग माझी खरी शाळा सुरू झाली.

गोठ्याच्या मागच्या दाराबाहेर, कारवीच्या काटक्यांच्या कुडाआड, एक कोपरा झाडून घेतला. कोंबड्या त्या वेळेपुरत्या डालग्याखाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तीच ताटली, तीच जागा. भात, डाळीचं घट्ट, सासूबाईंची भाकर कुस्करून. ठेवायची आणि मी शेणी थापते तिथे जाऊन बसायचं. खाल्लं तर खाल्लं. माझ्या थापून झाल्या की ताटली उचलायची, बोलायचं नाही, आर्जव करायचं नाही. पुढचं अन्न पुढच्या वेळेला.

पहिल्या दिवशी त्याने वास घेतला आणि माझ्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी तुळशीमागे जाऊन आला, कुंपणाला जाऊन आला, काट्यांशी उभा राहून कुंई कुंई केलं. गुणाबाई पलीकडून म्हणाल्या, मला नको सांगू बाबा, तुझ्या बाईला सांग. सासूबाई दिवसभर देवाचं नाव घेत फिरत होत्या, मला ऐकू येईल अशा बेताने. मी मिरच्यांची रोपं खुरपली, कपडे धुतले, घरभर फिरले, पण कान गोठ्यामागे. माझंही ताट अर्धं राहायचं, अक्षदा जेवली नाही की राहतं तसंच. पण हटले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेणी थापत असताना मागे चपचप ऐकू आली. वळून बघितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला दोन्ही हात शेणाचे.

खाण्याचा प्रश्न सुटला, आता हाताचा उरला. फोनवरच्या व्हिडिओत एक बाई दाखवत होती, कुत्रा जेवत असताना जवळ जायचं आणि ताटलीत आहे त्यापेक्षा चांगलं काहीतरी टाकायचं. ती उकडलेलं चिकन टाकत होती. श्रावणात, आमच्या चुलीवर, उकडलेलं चिकन. मी फोन ठेवला आणि दुधाचा टोप घासायला घेतला. टोपाच्या बुडाला खरवड धरली होती, तपकिरी, चिवट, थोडी करपलेली. लहानपणी मी आणि दीपेश तिच्यासाठी भांडायचो. उलथन्याने खरवडून एक तुकडा पापडपुढे टाकला. तो गिळून त्याने असे जीभ फिरवून ओठ चाटले की मला उत्तर मिळालं.

तेव्हापासून खरवड त्याची. तो जेवत असला की मी लांबून जायचे, तुकडा टाकायचे, वळायचे. माझी पावलं त्याच्याकडे आली म्हणजे काहीतरी मिळतं, जात नाही, हे त्याला पटायला हवं होतं. अंग ताठ झालं की तिथेच थांबायचं, दुसऱ्या दिवशी तिथूनच. हळूहळू ताटलीच्या कडेशी. मग कडेवर हात. मग हात ताटलीत, पण मुठीत खरवड. मी येताना दिसले की तो आता खाणं थांबवून तोंड वर करायचा, शेपटी जमिनीवर आपटायचा.

अक्षदा हे सगळं खिडकीतून बघायची. एक दिवस म्हणाली, पापडला मोबाइल दाखवत नाय, मग मला का दाखवते? मी म्हटलं, बरं, तुला पण नको. तिला वाटलं होतं, उलटं होईल. दोन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, दोघांना एकदमच मारते का गो? पण साईनाथचा फोनसुद्धा मी कपाटावर ठेवला. तिसऱ्या दिवशी ती ताट घेऊन खिडकीशी बसली. पापड तिकडे, ती इकडे, मध्ये गज. तो एक घास खायचा, ती एक खायची. भाजीतली मिरची काढून ठेवायची, पण जेवायची. ताटं उचलायची वेळ एकच, हे तिनेच ठरवलं.

सगळं इतकं सरळ झालं असतं तर मी हे सांगत बसले नसते.

गणपती आठवड्यावर आले होते. घर सारवायचं, डबे घासायचे, मखराचं सामान. पापड जेवत होता, आत कुकरची शिट्टी झाली आणि मी घाईघाईने ताटली उचलायला वाकले. तो अजून खात होता. हातात काही नव्हतं. त्याने ओठ वर केले, पांढरे दात, घशातून तो खोल आवाज, माझ्यावर. ज्या हाताने त्याला इतके दिवस भरवलं त्याच हातावर. मी ताटली सोडली आणि मागे झाले. माझ्या जागी अक्षदा असती तर?

आत जाऊन कुकर बंद केला आणि दीपेशला फोन लावला. म्हटलं, गोणी घेऊन ये. तो म्हणाला, येतो, गणपती पाण्यात गेले की दुसऱ्या दिवशी. तुझ्याकडचं कोंबडीचं तिखट पण खाऊन होईल. आणि पापडला मी बांधून ठेवीन ताई, काळजी नको करू. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, रोटी, रोटी, आणि एक गाडी करकचून ब्रेक मारत गेली. तो माझं ऐकत नव्हता. गर्दीच्या वेळी तो स्वतःच्या आईचंही ऐकत नाही. दोरी बांधली तरी कुणीतरी सोडणार, कुणीतरी पाय अडकला म्हणून शिवी देणार.

फोन ठेवून मी गोठ्यामागे गेले. ताटली रिकामी होती आणि पापड मान खाली घालून कोपऱ्यात बसला होता. चूक माझी होती, त्याची नव्हती. त्याने मला सांगितलं होतं आणि मी कुकरचं ऐकलं होतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा लांबून सुरुवात केली. लांबून तुकडा, वळायचं. लांबून तुकडा, वळायचं. जागृती यायच्या दिवसापर्यंत मी परत ताटलीच्या कडेला पोचले होते, बस तेवढीच.

गणपती बसले, गौरी आल्या, घर पोरांनी आणि पाहुण्यांनी भरलं. पापडची जेवणं मी पहाटे आणि दुपारी सगळे झोपल्यावर उरकली. जागृतीची समृद्धी सात वर्षांची, तोंडाळ आणि धीट. तिला मी जवळ बसवून सांगितलं, पापड जेवताना त्याच्याकडे कुणी जायचं नाही. ती म्हणाली, मामी, आमच्या बिल्डिंगमधे पण कुत्रे आहेत. मी म्हटलं, ते वेगळे.

गणपती पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी घरात तिखट शिजलं. इतक्या दिवसांनी कोंबडीच्या रश्श्याचा वास घरभर फिरला आणि गोठ्यामागे पापड उभ्या उभ्या नाचायला लागला. दीपेश किन्हवलीमार्गे गाडीवरून आला, गोणी हँडलला गुंडाळलेली. बाबा ओटीवर काठी घेऊन बसले होते. त्यांनी गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दीपेशला पाणी द्यायला सांगितलं.

मी हाडं काढून कोंबडीचे तुकडे भातात कालवले आणि ताटली ठेवली. नेहमीचीच जागा. गोठ्याचं दार लावलं, अक्षदा आत सासूबाईंजवळ. पापडने ताटलीत तोंड घातलं, ते कानापर्यंत. मी बादली घेऊन थोड्या अंतरावर उभी होते.

समृद्धी दारातून आली नाही. ती गोठ्याला मागून वळसा घालून, कारवीच्या कुडाच्या फटीतून आली. हातात स्वतःच्या ताटातली तंगडी. मला दिसली तेव्हा ती वाकलेलीच होती. तिने हात सरळ पापडच्या तोंडाशेजारी ताटलीत घातला.

ओरडायचं नाही, एवढंच डोक्यात आलं. ओरडले तर तो दचकेल, आणि दचकला की संपलं. धावत गेले तरी तेच. बादलीची कडी मुठीत घट्ट रुतली.

पापड ताठ झाला. मानेवरचे केस उभे राहिले. घशात तो आवाज सुरू झाला, मला ऐकू आला, आणि अर्ध्यात थांबला. त्याने तोंड वर केलं. तोंडात अजून भात होता. एक पाऊल मागे सरला, बसला, आणि समृद्धीकडे नाही, माझ्याकडे बघायला लागला.

समृद्धीने तंगडी ठेवली, बोटं त्याच्या डोक्यावर पुसली आणि म्हणाली, "किती शहाणाय." मी तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. तंगडी उचलली, हाडाची होती. समृद्धीला वाटलं मी रागावले, तिचा चेहरा पडला, तिला पोटाशी धरलं. मग आत जाऊन टोपातली होती नव्हती ती सगळी खरवड आणून पापडपुढे ठेवली, एका वेळी, माप न बघता.

वळले तर गोठ्याच्या दारात बाबा उभे. काठी हातात, मागे दीपेश. किती वेळ उभे होते, माहीत नाही. बाबांनी पापडकडे बघितलं, तो आता ताटली चाटून लखलखीत करत होता. मग काठी भिंतीला टेकवली.

"दीपेश, ती गोणी ठेव इथं," ते म्हणाले. "भात झोडलं की लागंल."

दीपेश माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, ताई, मग रिकाम्या हातानं जाऊ का? सासूबाई आतून म्हणाल्या, रश्श्याचा डबा ने. आणि माझ्या भाकरीचं पण नाव घ्या कुणीतरी, नुसती खरवड खरवड करताय.

चार वाजता सगळे पांगले. समृद्धी आणि जागृती आडव्या झाल्या, दीपेश गेला. मी आणि अक्षदा मागच्या पायरीवर बसलो होतो. तिचं जेवण राहिलं होतं, ती ताट मांडीवर घेऊन रस्साभात खात होती, हळूहळू, स्वतःच्या हाताने, बोटांना चाटत. पापड समोर पाय पसरून पडला होता. पुन्हा लांबून सुरू करायला लागलं तर करीन, मी मनात म्हणत होते. समृद्धी गेल्यावर, दुसरी कुणी आल्यावर, परत परत.

"आई, पापड आता गुरगुरत नाय ना?" अक्षदाने विचारलं.

"नाय."

"समूताईनं हात घातला तेव्हा पण नाय?"

"सुरू केलं होतं. मग त्यानंच थांबवलं."

तिने घास तोंडात घेतला. चावत राहिली. पापडकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पापडकडे. घास गिळला.

"मग त्याला खरंच कुणाचा हात नको असला, तर तो सांगणार कसं?"